मुलांचा जबाब : तक्रारीच्या चौकशीत मुलांशी कसे बोलावे

वसतिगृह, आश्रमशाळा, बालगृह किंवा पाळणाघर यांच्याविरुद्ध तक्रार आली की चौकशी दोन गोष्टींच्या आधारावर चालते. एक म्हणजे कागद : हजेरीपट, धान्याची साठा नोंदवही, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. दुसरी म्हणजे मुलांचे सांगणे. कागद मागाहूनही तपासता येतो. मुलाचे सांगणे मात्र पहिल्यांदा कोणी, कुठे आणि कसे विचारले यावर पुष्कळसे अवलंबून असते. प्रश्नातूनच त्यात भर पडली किंवा धाकामुळे त्यातला भाग गळला, तर पुढे कितीही जाणता अधिकारी आला तरी मूळ आठवण वेगळी काढणे अवघड जाते. म्हणून मुलांची मुलाखत हे चौकशीतले सर्वांत नाजूक काम मानले जाते आणि गेल्या चार दशकांत त्याची एक पद्धत घडत आली आहे.

तक्रार कोणाकडे जाते

उदाहरण म्हणून फुलसावंगी घेऊ. हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातले, पैनगंगेच्या खोऱ्यातले गाव. महागाव, पुसद, उमरखेड या पट्ट्यात बंजारा तांडे मोठ्या संख्येने आहेत; आंध आणि इतर आदिवासी समाजही आहेत. दिवाळी आटोपली की अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुले आजी-आजोबांकडे, नातेवाइकांकडे किंवा निवासी शाळेत राहतात. मुलांच्या निगेविषयीची तक्रार अशा भागात बहुधा थेट अधिकाऱ्याकडे जात नाही. सुट्टीत घरी आलेले मूल आजीला काही सांगते, आजी अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला सांगते आणि तिथून गोष्ट सरपंच अध्यक्ष असलेल्या ग्राम बाल संरक्षण समितीपर्यंत, पोलीस पाटलापर्यंत किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनपर्यंत पोचते.

पुढचे मार्ग तक्रारीच्या स्वरूपावर ठरतात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती करते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. सदस्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. आदिवासी आश्रमशाळेतील जेवण, निवास किंवा कर्मचाऱ्यांच्या वागणुकीची तक्रार या भागात पुसदच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे जाते. मारहाण, उपासमार, राबवून घेणे यांसाठी बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ लागू होऊ शकते. मुलांच्या काळजीची जबाबदारी असलेल्या संस्थेच्या चालकाने किंवा कर्मचाऱ्याने क्रूरता केली, तर या कलमाखाली ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेतील शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेला ‘पॉक्सो’ कायदा लागू होतो आणि पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक ठरते. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवल्यास त्याला १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

गावपातळीवर ज्याला ही गोष्ट पहिल्यांदा कळते, त्याचे काम मर्यादित असते. चौकशी करणे ही त्याची जबाबदारी नव्हे. मूल स्वतःहून काय बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवणे, आज रात्री ते सुरक्षित आहे का हे पाहणे, दुखापत असल्यास दवाखान्यात नेणे आणि योग्य ठिकाणी कळवणे, एवढेच करायचे. ‘खरंच का?’, ‘तू आधी का नाही सांगितलंस?’ असे प्रश्न या टप्प्यावर नुकसान करतात. दुसरा प्रश्न तर मुलाला स्वतःवरचा ठपकाच वाटतो.

कायद्याने घातलेली चौकट

पॉक्सो कायद्याचे कलम २४ मुलाचा जबाब कुठे आणि कसा घ्यावा हे सांगते. जबाब मुलाच्या घरी, ते नेहमी राहते त्या ठिकाणी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने तो घ्यायचा आणि अंगावर गणवेश नसावा. मूल आरोपीच्या समोर येता कामा नये. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. कलम २६ प्रमाणे जबाबाच्या वेळी आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर असावी, गरज असेल तर दुभाषी किंवा विशेष शिक्षक बोलवावा आणि शक्य तिथे ध्वनिचित्रमुद्रण करावे. बाल कल्याण समितीच्या बैठकीलाही न्यायालयाचा थाट नसावा अशी अपेक्षा आहे. सदस्यांनी उंच चौथऱ्यावर बसू नये, मूल आणि सदस्य यांच्यात कठडा किंवा पिंजरा नसावा, असे २०१६ च्या आदर्श नियमांत म्हटले आहे.

साक्ष देण्यासाठी भारतीय कायद्याने किमान वय ठरवलेले नाही. प्रश्न समजून त्याला सुसंगत उत्तर देता येत असेल, तर मूल सक्षम साक्षीदार असते. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ११८ मध्ये असलेली ही तरतूद आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये आहे. दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सक्षम बालसाक्षीदाराच्या साक्षीवर दोषसिद्धी होऊ शकते हे मान्य केले. मात्र मूल पढवले गेलेले नाही ना, हे काळजीपूर्वक पाहण्याची अट घातली. बचाव पक्षाचा पहिला रोख त्यामुळे बहुधा ‘मुलाला शिकवून आणले’ यावरच असतो आणि पहिल्या मुलाखतीची नोंद हेच त्यावरचे सर्वांत भक्कम उत्तर ठरते.

महाराष्ट्रातील अनुभव

विदर्भात या विषयाची मोठी चर्चा झाली ती २०१६ मध्ये, बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेच्या प्रकरणाने. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेल्या आदिवासी मुलींच्या सांगण्यातून लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघड झाला आणि तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. निवासी संस्थेतील मूल संस्थेच्या आवारात असताना बोलण्याची शक्यता कमी असते. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्याच हाती जेवण, झोपण्याची जागा आणि परीक्षेचे गुण असतात. सुट्टीच्या आसपासचा काळ आणि संस्थेबाहेरची जागा यांना म्हणून चौकशीत महत्त्व आहे.

२०११ मध्ये रायगड जिल्ह्यातील कळंबोली येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींच्या निवासी संस्थेतील अत्याचार उघडकीस आले. अशा मुली नीट सांगू शकणार नाहीत, हा समज त्या खटल्याने मोडीत काढला. मुलींच्या साक्षी झाल्या आणि मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले.

ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या प्रकरणात प्रश्न थेट जबाब घेण्याच्या पद्धतीचाच होता. शाळेतील दोन चार-पाच वर्षांच्या मुलींवरील अत्याचाराच्या या प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने जबाब नोंदवण्यातील दिरंगाईवर बोट ठेवले आणि पोलिसांनी मुलीच्या घरी जाण्याऐवजी तिला व तिच्या कुटुंबाला ठाण्यात बोलावल्याबद्दल ताशेरे ओढले. घरी जाण्याची तरतूद कायद्यात एका तपापासून होती. प्रत्यक्षात ती पाळली गेली नव्हती.

चुकीच्या प्रश्नांचा परिणाम

मुले खोटे बोलतात म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवू नये, हे एक टोक. मुले कधीच खोटे बोलत नाहीत, हे दुसरे. संशोधनाने दोन्ही बाजूला सारली. मूल बरेचसे अचूक सांगू शकते, पण मोठ्यांच्या प्रश्नांचा त्याच्यावर चटकन परिणाम होतो, विशेषतः ते शाळेच्या वयाचे झालेले नसेल तर.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन बालवाडीतील लैंगिक अत्याचाराच्या आरोपांचे प्रकरण १९८३ मध्ये सुरू झाले. पोलिसांनी सुमारे २०० पालकांना संशयिताच्या नावासह पत्र पाठवले आणि आपापल्या मुलांना विचारून पाहण्यास सांगितले. पुढे शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. त्यांत ‘बाकीच्या मुलांनी तर सांगितलं’ असे सुचवणे, हवे ते उत्तर दिल्यावर कौतुक करणे, नकार आला की तोच प्रश्न पुन्हा विचारणे असे प्रकार होते. १९९० मध्ये खटला एकाही दोषसिद्धीविना संपला. मुलांबाबत प्रत्यक्षात काय घडले होते हे शोधण्याची वाटच अशा विचारण्याने बंद झाली.

१९९५ मध्ये मिशेल लाइक्टमन आणि स्टीफन सेसी यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सॅम स्टोन नावाचा एक पाहुणा बालवाडीत आला, दोन मिनिटे थांबला आणि काहीही न करता गेला. काही मुलांना तो येण्याआधी ‘तो फार धांदरट आहे’ अशा गोष्टी सांगण्यात आल्या होत्या आणि तो गेल्यावर पुस्तक फाडल्याचे, टेडी अस्वल मळवल्याचे सुचवणारे प्रश्न वारंवार विचारण्यात आले. ३ ते ४ वर्षांच्या अशा मुलांपैकी ७२ टक्के मुलांनी शेवटच्या मुलाखतीत विचारल्यावर सॅमने यांतले किमान एक कृत्य केल्याचे सांगितले. ज्यांना आधी काही सांगितले नव्हते आणि नंतर काही सुचवलेही नव्हते, त्यांचे सांगणे पुष्कळच अचूक राहिले.

फुलसावंगीसारख्या गावात यातून काढायचा धडा सरळ आहे. चौकशी पथक येईपर्यंत मुलाला शेजारी, नातेवाईक, पुढारी आणि मोबाइल घेऊन आलेला कोणी यांनी आठ वेळा विचारलेले असू शकते. अधिकाऱ्याने म्हणून मुलाच्या आधी मोठ्यांना विचारायचे : मुलाशी आतापर्यंत कोण बोलले, काय विचारले, मूल नेमके काय म्हणाले? ही माहितीही जबाबाइतकीच जपून ठेवायची.

मुलाखतीचे टप्पे

आज जगात सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत मायकेल लँब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय बाल आरोग्य संस्थेत तयार केली. तिचा पहिला व्यापक वापर इस्रायलमध्ये झाला. मुलांचे जबाब खास प्रशिक्षित अन्वेषकांनीच घ्यावेत, असा कायदा तिथे १९५५ पासून आहे. पद्धतीचा गाभा एकच : बोलायचे मुलाने, वाट मोकळी ठेवायची मोठ्याने.

पहिला टप्पा तयारीचा. जागा शांत आणि मुलाच्या ओळखीची असावी, पण तक्रार जिथली आहे तिथली नसावी. मुख्याध्यापकांची खोली किंवा अधीक्षकांचे कार्यालय टाळावे. अंगणवाडीची खोली, आजीच्या घराची ओसरी चालते. मात्र दारात गर्दी नको. सरकारी गाडी दारासमोर उभी केली की तासाभरात गावभर होते, म्हणून ती लांब ठेवणे बरे. भूक लागण्याची, झोपेची, परीक्षेची वेळ टाळावी. आश्वासक व्यक्ती सोबत बसते, पण मुलाच्या वतीने उत्तर देत नाही, हे तिला आधीच समजावून सांगावे लागते. तक्रारीत तिचे स्वतःचे नाव असेल किंवा आरोपीशी तिचे नाते असेल, तर दुसरी व्यक्ती शोधावी.

दुसरा टप्पा ओळखीचा आणि नियमांचा. अधिकारी आपले नाव आणि काम सांगतो. ‘मुलांशी बोलणं हे माझं काम आहे. तिथं काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी तिथं नव्हतो’ हे वाक्य महत्त्वाचे, कारण मोठ्या माणसाला सगळे ठाऊक असते असे लहान मूल धरून चालते. मग नियम : ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचे, प्रश्न कळला नाही तर तसे सांगायचे, मी चुकलो तर मला दुरुस्त करायचे. नियम नुसते सांगून भागत नाही, करून पाहावे लागतात. ‘माझ्या कुत्र्याचं नाव काय?’ असे विचारल्यावर मूल ‘माहीत नाही’ म्हणाले, तर नियम समजला.

तिसरा टप्पा सरावाचा. तक्रारीशी संबंध नसलेला, मुलाला आवडलेला प्रसंग निवडायचा. पोळ्याच्या दिवशी काय काय केले, ते सकाळपासून सांग, असे म्हटले की मूल बैल धुण्यापासून सुरुवात करते. ‘मग पुढे?’ एवढ्यावरच ते बोलत राहते. सविस्तर बोलायचे असते आणि समोरचा मध्येच तोडत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडते. मुलाची भाषा, वाक्याची लांबी, वेळेची जाण यांचा अंदाज अधिकाऱ्यालाही इथेच येतो.

चौथा टप्पा मुख्य कथनाचा. सुरुवात ‘आज मी तुझ्याशी बोलायला का आलो असेन, ते सांग’ अशी करावी. मूल बोलू लागले की तोडू नये. पुढचे प्रश्न त्याच्याच शब्दांवरून निघावेत : ‘तू म्हणालीस की दिवे गेले. दिवे गेल्यानंतर काय काय झालं, ते सगळं सांग.’ कोण, कुठे, केव्हा हे प्रश्न नंतर. हो-नाही किंवा दोन पर्यायांचे प्रश्न अगदी शेवटी आणि तेही मोजके. असा प्रश्न विचारलाच, तर त्याच्या उत्तरानंतर पुन्हा ‘त्याबद्दल सांग’ असे म्हणून कथनाकडे वळायचे. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न टाळावा, तो जाब विचारल्यासारखा लागतो.

पाचवा टप्पा समारोपाचा. मुलाला काही विचारायचे आहे का, हे पाहावे. पुढे काय होईल ते खरे आणि थोडक्यात सांगावे. ‘कोणाला कळणार नाही’ किंवा ‘त्याला शिक्षा होईल’ असे वचन देऊ नये. दोन्ही गोष्टी अधिकाऱ्याच्या हातात नसतात. शेवटची काही मिनिटे शाळा, खेळ, घर अशा साध्या विषयावर घालवून मग उठावे.

मराठी आणि गोरमाटीतले खाचखळगे

मराठीत प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ लावण्याची सवय इतकी पक्की आहे की ती लक्षातही येत नाही. ‘सरांनी मारलं ना?’ या प्रश्नात उत्तर दडलेले असते. आदरार्थी अनेकवचनाची अडचण त्याहून मोठी. ‘त्यांनी मारलं’ या वाक्यातून एक सर कळतात की चार मुले, हे ठरत नाही. ‘त्यांनी म्हणजे कोणी?’ हे विचारल्याशिवाय वाक्य नोंदवून पुढे जाणे धोक्याचे. ‘काका’, ‘मामा’, ‘दादा’ ही नावे नात्यातल्या, शेजारच्या आणि संस्थेतल्या कोणत्याही पुरुषाला लागतात, म्हणून कोणते काका, ते काय काम करतात, त्यांना बाकीचे काय म्हणतात, हे शांतपणे उलगडून घ्यावे. ‘मारलं’ हा शब्द टपलीपासून काठीपर्यंत सगळ्याला चालतो. ‘कसं मारलं ते सांग’ म्हटल्यावरच फरक कळतो. शरीराच्या भागांना मूल जे शब्द वापरते, तेच वापरायचे आणि त्यांचा अर्थ त्याच्याकडूनच विचारून घ्यायचा.

तांड्यावरचे मूल शाळेत मराठी बोलते, पण भीती, लाज आणि वेदना यांविषयी ते गोरमाटी या बंजारा बोलीतच मोकळे होऊ शकते. पॉक्सो कायदा अशा वेळी दुभाष्याची सोय करायला सांगतो. दुभाषी त्याच तांड्यातला, आरोपीच्या ओळखीचा किंवा संस्थेचा कर्मचारी नसावा. त्याने सारांश सांगू नये, वाक्यामागून वाक्य सांगावे. मुलाचे मूळ शब्दही नोंदीत उतरावेत.

तारीख विचारून लहान मुलाकडून फारसे हाती लागत नाही. आठ-दहा वर्षांपर्यंत काळाचा आणि संख्येचा अंदाज कच्चा असतो. पोळा, दिवाळी, बाजाराचा दिवस, आई-बाबा ऊसतोडीला गेले तो दिवस, घटक चाचणी अशा खुणांच्या आधी की नंतर, हे विचारले तर उत्तर जास्त भरवशाचे मिळते. त्रास वारंवार झाला असेल, तर अनेक प्रसंग आठवणीत एकमेकांत मिसळतात आणि मूल ‘नेहमी असंच करायचे’ असे सांगते. ‘किती वेळा?’ हा प्रश्न इथे निरुपयोगी ठरतो. शेवटची वेळ, पहिली वेळ आणि नीट लक्षात राहिलेली एखादी वेळ यांविषयी वेगवेगळे विचारले की एकेक प्रसंग सुटा होतो. अशा सांगण्यात किरकोळ विसंगती येते. ती खोटेपणाची खूण मानू नये.

संपूर्ण संस्थेची चौकशी

तक्रार एका मुलाची असली, तरी निवासी संस्थेत इतर मुलांशीही बोलावे लागते. फक्त तक्रारदार मुलालाच बोलावले, तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते की कोणी तोंड उघडले. म्हणून वेगवेगळ्या वर्गांतली, खोल्यांतली मुले निवडून प्रत्येकाशी साधारण सारखाच वेळ बोलायचे. मुलांना एकत्र बसवून ‘जेवण कसं असतं?’ असे विचारले, तर मोठ्या मुलाचे उत्तर सगळे जण गिरवतात. एकेकट्याशी बोलताना ‘काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं?’ या एका प्रश्नातून जेवण, पाणी, आंघोळ, कामे, शिक्षा आणि रात्रीची देखरेख यांची माहिती मिळते. ती साठा नोंदवहीशी, पाळीपत्रकाशी ताडून पाहता येते. नोंदीत रोज डाळ आणि पाच मुलांच्या सांगण्यात आठवड्यातून दोनदा डाळ, हे दिसले की पुढचा तपास कुठे करायचा ते ठरते.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ५४ प्रमाणे बालगृहांची तपासणी किमान तीन महिन्यांतून एकदा, किमान तीन सदस्यांच्या पथकाने करायची असते. त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. वैद्यकीय अधिकारी असल्याने वजन, त्वचेचे विकार, जुने वळ यांची तिथेच नोंद होते आणि मुलांच्या सांगण्याला दुसरा आधार मिळतो.

ऐकू न येणाऱ्या, बोलू न शकणाऱ्या किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी सांकेतिक भाषेचा जाणकार किंवा विशेष शिक्षक लागतो. मुलाखत लहान-लहान भागांत घ्यावी लागते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू या खटल्यात पीडिता मूकबधिर आणि मतिमंद होती. तिची साक्ष झाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले होते. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर पुराव्यांवर दोषसिद्धी पुन्हा कायम केली आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या कार्यक्षेत्रात असुरक्षित साक्षीदारांसाठी किमान दोन केंद्रे उभारण्यास सांगितले. २०२२ मध्ये स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात याच कामाला आणखी गती देण्यात आली.

मुलाखतीनंतर

नोंद प्रश्नोत्तरांच्या रूपात हवी. ‘मुलाने अत्याचार झाल्याचे सांगितले’ हे वाक्य अधिकाऱ्याचे असते. न्यायालयाला मुलाचे शब्द लागतात आणि ते कोणत्या प्रश्नावर आले हेही लागते. रडणे, गप्प होणे, विषय बदलणे जसे घडले तसे लिहावे, त्याचा अर्थ लावू नये. मूल काहीच बोलले नाही, तर ‘तक्रारीत तथ्य नाही’ असा शेरा मारता येत नाही; त्या दिवशी मुलाने सांगितले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. पुन्हा भेटायचे असेल, तर शक्यतो त्याच अधिकाऱ्याने, ठरावीक कारणासाठी भेटावे. पोलीस, बाल कल्याण समिती, शिक्षण खाते आणि प्रकल्प कार्यालय यांनी एकच गोष्ट चार वेळा विचारण्यापेक्षा पहिली नोंद एकमेकांना उपलब्ध करून देणे मुलाच्या हिताचे असते.

पॉक्सोखालील माहिती पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायची असते. मुलाला तपासाच्या आणि खटल्याच्या काळात साथ देणारी सहायक व्यक्ती समिती नेमू शकते. मुलाचे नाव, शाळा, पत्ता, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने गुन्हा ठरवले आहे. त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लहान गावात नाव न छापताही तांडा, वर्ग आणि वय एवढ्यावरून मूल ओळखू येते. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूरही म्हणून या बंदीच्या कक्षेत येतो. चौकशी चालू असताना संस्थेत बदल करायचाच असेल, तर ज्याच्यावर आरोप आहे त्या कर्मचाऱ्याला दूर ठेवावे. मुलाला शाळेतून काढून घरी बसवले, तर तक्रार केल्याची शिक्षा त्यालाच मिळते आणि इतर मुले ते पाहत असतात.